घाटमाथ्याचं पाणी

मिरजेच्या क्रीडाजैव प्रयोगशाळेत सगळ्यांत महाग वस्तू कोणती असं कुणी विचारलं, तर डॉ. रेहाना नदाफ जनुकवाचक यंत्राकडे बोट दाखवायची. आणि सगळ्यांत नावडतं काम कोणतं असं विचारलं, तरी बोट तिकडेच जायचं. कारण त्या यंत्राला रोज जे खाऊ घालावं लागे, ते म्हणजे सायकलपटूंची विष्ठा. पिवळ्या झाकणाच्या डब्यांतून ती देशभरातून यायची.

"मोठमोठ्या विजेत्यांनी जे टाकून दिलं, ते आपण शीतकपाटात जपून ठेवतो," प्रयोगशाळेचे प्रमुख कणेकर सर पाहुण्यांना सांगायचे. "याहून निरपेक्ष भक्ती कोणती?"

आज मात्र सर विनोदाच्या मनःस्थितीत नव्हते. नांद्र्याच्या सायकल प्रशिक्षण केंद्रातून पाच डब्या आल्या होत्या आणि पाचही मुलींच्या पोटात क्लमहारी सापडला होता.

"दुपारी कबुली समितीचे अध्यक्ष येताहेत," सर म्हणाले. "ते शास्त्रज्ञ नाहीत. मला पाचवीतला मुलगा समज आणि सगळं पहिल्यापासून सांग बघू. कुठे अडखळतेस ते कळेल."

"पाचवीतली मुलं तुमच्याइतकी टोकत नाहीत, सर."

"म्हणूनच ती मागे पडतात. हं, बोल."

रेहानानं खुर्ची ओढली. "आपण जोरात सायकल मारतो तेव्हा स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं. त्यातलं काही रक्तावाटे आतड्यात उतरतं. आतड्यात नाना प्रकारचे जिवाणू राहतात. त्यातल्या एकाला कुणीतरी प्रयोगशाळेत असं घडवलं, की त्यानं हे आम्ल खावं आणि त्याच्या बदल्यात स्नायूंना चालेल असं इंधन बनवून परत द्यावं. तो हा क्लमहारी. थकवा खाणारा. म्हणजे ज्या आम्लाचं ओझं व्हायचं, त्याचीच शिदोरी होते."

"मग आपल्या जुन्या तपासण्यांत तो का सापडत नव्हता?"

"कारण तो जे इंधन बनवतो, तेच आपलं शरीरही थोडंफार बनवतं. रक्तात, लघवीत परकं असं काहीच उतरत नाही. चोर घरचेच कपडे घालून हिंडतो. तो सापडायचा तर त्याच्या घरीच जायला हवं. म्हणजे आतड्यात."

"आणि औषध घ्यायचं थांबवलं की?"

"तिथेच तर गोम आहे. औषध संपतं, जिवाणू संपत नाही. एकदा पोटात वस्ती केली की तो जन्माचा भाडेकरू, हाकलल्याशिवाय जात नाही. शिवाय तो एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो. उष्ट्या पाण्यातून, हातातून... आणि दह्यातून. दह्यात आंबटपणा असतो तो लॅक्टिक आम्लाचाच. क्लमहारीला दही म्हणजे माहेर."

सरांनी मान डोलावली. नांद्र्याच्या केंद्रात रोज दुपारी मुलींना ताक मिळतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या ताकाचा नमुनाही काल तपासून झाला होता. त्यातही क्लमहारी होता.

मुलींनी स्वतः काही घेतलं नसणार, याची रेहानाला खात्री होती. पण सायकल महासंघाला खात्री चालत नसे, पुरावा लागे. नियम असा होता : ज्याच्या पोटात क्लमहारी सापडेल, त्याच्यावर आजन्म बंदी. मात्र हा जिवाणू आपल्याला दुसऱ्याकडून नकळत मिळाला, असं सिद्ध झालं, तर त्या खेळाडूला 'अजाण वाहक' मानायचं. त्याला औषध देऊन जिवाणू काढून टाकायचा आणि पुन्हा शर्यतीत उतरू द्यायचं. सिद्ध करण्याचा मार्ग एकच. ज्याने मुळात या जिवाणूची पुडी घेतली, त्याने पुढे येऊन कबुली द्यायची आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूची वंशावळ मुलींच्या जिवाणूशी जुळायची. कबुली देणाऱ्याचा किताब जाणार, पण त्याचीही आजन्म बंदी टळणार. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

"कुणी येईल असं वाटतं तुला?" सरांनी विचारलं.

उत्तर द्यायची वेळच आली नाही. दारात सुकुमार मगदूम उभे होते.

नांद्र्याचं केंद्र त्यांचंच. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी आंबोलीची घाटशर्यत जिंकली, तेव्हा सांगलीच्या प्रत्येक सायकल दुकानात त्यांचा फोटो लागला होता. आता केस पिकले होते, पण पोटऱ्या अजून तशाच दगडी होत्या. सगळे त्यांना अण्णा म्हणत. खांद्याला नेहमीची स्टीलची बाटली. अण्णा घरचं उकळून गाळलेलं पाणीच पीत, सूर्यास्तानंतर जेवत नसत, बाहेरचं अन्न शिवत नसत. शर्यतींच्या शिबिरातही जैनाचा डबा वेगळा आणि पाणीही वेगळं, यावरून पोरं त्यांची भरपूर थट्टा करायची.

त्यांच्या मागे पद्मजा होती. पद्मजा उपाध्ये, पाच मुलींमधली सगळ्यांत वेगवान. डिसेंबरच्या आशियाई शर्यतीसाठी तिची निवड झाली होती आणि परवापासून ती निवड स्थगित होती.

"रेहाना, एक डबी दे," अण्णा म्हणाले. "आणि तो कबुलीचा कागद का काय असतो, तो पण."

"अण्णा, काय बोलताय तुम्ही?" पद्मजा ओरडलीच. "मला म्हणालात, दाखला आणायला जायचंय!"

"दाखलाच आहे की, बाळ. वाईट चालीचा."

*

दुपारी कबुली समितीचे अध्यक्ष जयसिंगराव सावर्डेकर आले. उंच, सरळ पाठीचा माणूस. अण्णा जिंकले त्या शर्यतीत हेच दुसरे आले होते. त्या काळात एकेक मोठा सायकलपटू उत्तेजकांच्या चिखलात सापडत असताना जयसिंगरावांच्या नावावर शिंतोडा उडाला नव्हता, म्हणून महासंघानं त्यांना या खुर्चीत बसवलं होतं. अजाण वाहकाचा नियमही त्यांनीच आग्रहानं करून घेतला होता.

अण्णांना समोर पाहून ते थबकले. "सुकू? तू कशाला आलास?"

"कबुली द्यायला."

"तू?" जयसिंगराव हळूच खाली बसले.  मग म्हणाले, "नीट विचार कर. एकदा बोललास की परत घेता येत नाही."

"विचार चौदा वर्षं केला. आता बोलू दे." अण्णांनी बाटली टेबलावर ठेवली. "बेळगावकडचा एक माणूस आला होता. त्यानं पुड्या दिल्या. म्हणाला, आठवडाभर पहाटे दुधातून घे, कुठल्याच तपासणीत सापडणार नाहीस. आमच्या आईची पद्धत अशी, की पहाटे दूध उकळायचं आणि उकळी आली की तसंच पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवायचं. मी त्यात पुडी टाकायचो आणि फुंकून फुंकून तिच्यासमोरच प्यायचो. तिला सांगितलं, ताकदीचं चूर्ण आहे. तिनं विश्वास ठेवला. आठवडा सरला तसे पाय हलके झाले बघ. आंबोलीच्या शेवटच्या वळणावर मी याला मागं टाकलं."

"चांगलं सायकलभर अंतर होतं," जयसिंगराव खाली बघत म्हणाले.

"आणि मग घाटमाथ्याचं पाणी."

पद्मजाला हा रिवाज माहीत होता. तो अजूनही पाळला जातो. माथ्यावर पोचल्यावर दुसरा आलेला गडी आपल्या बाटलीतलं पाणी पहिल्याला पाजतो. आपण हरलो हे सगळ्यांदेखत मान्य करण्याची ती पद्धत. पहिल्याने ते बाटलीला तोंड लावून प्यायचं असतं, नाहीतर मान नाकारल्यासारखं होतं.

"जन्मात पहिल्यांदा कुणाचं उष्टं प्यायलो," अण्णा म्हणाले. "लोकांनी टाळ्या पिटल्या. मगदूम बाटला म्हणून पोरं नाचली. आणि मला तो घोट गिळवेना. चोरी करून जिंकलेल्याला मानाचं पाणी! त्यानंतर दरवर्षी क्षमावाणीला, आमच्या क्षमा मागायच्या दिवशी, मी याच्या दारात जातो आणि हात जोडतो."

"आणि मी दरवर्षी विचारतो, कशाबद्दल रे बाबा?" जयसिंगराव हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. "हा म्हणतो, कळत-नकळत जे झालं असेल त्याबद्दल."

"नकळत काही नव्हतं. कळतच होतं," अण्णा म्हणाले. "पोरींना ते माझ्याकडून गेलं. विरजण माझ्या घरचं, ताक घुसळतो मी. त्यांचा काही दोष नाही. एवढंच लिहून घ्या आणि त्यांना मोकळं करा."

पद्मजानं तोंड फिरवलं. तिला रडू आलं होतं की राग, ते रेहानाला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

*

तपासणीला दोन-तीन तास लागतात. यंत्र जिवाणूच्या जनुकातली अक्षरं वाचतं आणि ती कुठे कुठे बदलली ते दाखवतं. उतारा उतरवून घेताना जसा कधीमधी एखादा काना राहतो, तसंच जिवाणूची पुढची पिढी जन्मताना एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या साऱ्या वंशाकडे जाते. चुका साधारण ठरावीक गतीनं साठत जातात, म्हणून त्या मोजल्या की काळ मोजता येतो. रेहानानं या पद्धतीला वंशघड्याळ असं नाव दिलं होतं.

वंशावळ पडद्यावर उमटली. पाच मुली, केंद्रातलं ताक आणि अण्णा, सगळे एकाच झाडाच्या फांद्या. पाचही मुली आणि ताक अण्णांच्या फांदीतून फुटलेले. अपेक्षेप्रमाणे. रेहानानं सुटकेचा श्वास टाकला आणि मग घड्याळ पाहिलं.

"सर, जरा इकडे या."

कणेकर सर चष्मा कपाळावरून खाली ओढत आले.

"जप्त केलेल्या पुड्यांमधला मूळ जिवाणू आपल्याकडे आहे. त्याच्यापासून अण्णांचा जिवाणू किती दूर गेलाय बघा."

"सतरा वर्षं," सर म्हणाले. "मग?"

"अण्णांनी पुडी घेतली चौदा वर्षांपूर्वी."

"पुडी तीन वर्षं दुकानात पडून असेल."

"पुडीत तो सुकवलेला असतो, सर. झोपलेला. झोपलेला जिवाणू वाढत नाही, वाढत नाही म्हणून चुकत नाही. पुडीत घड्याळ बंद असतं. पुडी दहा वर्षं पडून राहिली, तरी काटा हलणार नाही. हे घड्याळ सतरा वर्षांपूर्वी सुरू झालंय. म्हणजे हा जिवाणू सतरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पोटात जागा झाला."

"घड्याळ चुकत असेल."

"चार-सहा महिने इकडेतिकडे होतं. तीन वर्षं नाही."

सर खुर्चीत टेकले. "बरं. मग अण्णांच्या पोटात तो आला कधी?"

"तेही पाहिलं. त्यांच्या पोटातले सगळे क्लमहारी एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. त्यांचा समाईक पूर्वज म्हणजे त्या पोटात शिरलेला पहिला. तो निघतो चौदा वर्षांपूर्वीचा."

"म्हणजे आधी तीन वर्षं तो दुसऱ्याच कुणाच्या पोटात नांदला आणि मग शर्यतीच्या सुमाराला अण्णांकडे आला." सरांनी बोटानं टेबलावर ठेका धरला. "मग अण्णांनी घेतलेल्या पुड्यांचा जिवाणू कुठे गेला? त्याचा वंश कुठे आहे?"

"कुठेच नाही. एकही फांदी नाही. अण्णांनी तर घेतलं म्हणून शपथेवर सांगितलंय. दुधातून..."

ती बोलता बोलता थांबली. सरांकडे बघत राहिली.

"उकळत्या दुधातून," ती म्हणाली. "फुंकून फुंकून."

"अरे देवा," कणेकर सर म्हणाले. "उकळत्या दुधाला विरजण लावलं!"

*

रेहानानं खोलीत येऊन सगळं सांगितलं. सावकाश, पाचवीतल्या मुलाला सांगावं तसं. पडद्यावर झाड दाखवलं, घड्याळ समजावलं. शेवटी म्हणाली, "दही लावताना दूध कोमट लागतं, हे आपण सगळेच जाणतो. कढत दुधात विरजण मरतं. पुडीतला क्लमहारीही तसाच मेला. अण्णा, तुमच्या पोटात एकही जिवंत पोचला नाही."

अण्णांनी मान हलवली. "पण माझे पाय हलके झाले होते."

"आपण औषध घेतलंय या विश्वासानं ते झाले. तुम्ही घाट दुधावर चढलात," सर म्हणाले. "आईच्या हातच्या."

 अण्णा खिन्नपणे हसले. "म्हणजे इतके जीव उकळून मारले, तेही पाप माझ्याच माथी."

कुणीतरी हसलं, बहुधा सरच. पण पद्मजा हसली नाही. ती झाडाकडे पाहत होती.

"रेहानाताई, मग अण्णांना हा कुणाकडून आला?"

"ते झाडात दिसत नाही. इथे, मुळाशी, एक जागा रिकामी आहे. त्या माणसाची डबी आपल्याकडे नाही."

"आणि तो सापडला नाही तर?"

रेहानानं जयसिंगरावांकडे पाहिलं. नियम त्यांचा होता, तो त्यांनीच सांगायला हवा होता. ते कोटावरचा अध्यक्षाचा बिल्ला चाचपत राहिले, म्हणून तिलाच सांगावं लागलं. "अण्णांनी पुडी घेतली, तो प्रयत्नही गुन्हाच आहे. त्याची कबुली झाली. पण तुमच्या पोटातला जिवाणू त्या पुडीतला नाही. तो मुळात कुणी घेतला ते सिद्ध होत नाही, तोवर तुम्ही पाचजणी अजाण वाहक ठरत नाही. अण्णाही नाहीत."

"म्हणजे बंदी."

"मुदत आज संपते आहे."

रेहाना अण्णांच्या शेजारी जाऊन बसली. "अण्णा, त्या वर्षी शर्यतीच्या आसपास तुम्ही कुणाचं उष्टं काही खाल्लं होतं? कुणाच्या ताटात जेवला होतात?"

"छे! मी कधी कुणाचं..." अण्णा सवयीनं बोलून गेले आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं.

त्यांनी मान वर केली नाही. कुणाकडेही पाहिलं नाही. टेबलावरची स्टीलची बाटली उचलली, तिच्या झाकणाचा आटा उगाच घट्ट केला आणि परत ठेवली. रेहानाच्या मनात दुपारचं बोलणं फिरून आलं. घाटमाथा, टाळ्या, जन्मात पहिल्यांदा प्यायलेलं उष्टं.   पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला याच खोलीत सरांनी शिकवलं होतं.

"आठवत नाही," अण्णा म्हणाले.

सकाळी खरं सांगायला आलेला माणूस संध्याकाळी खोटं बोलत होता, आणि तेही फार वाईट.

"अण्णा, आठवा की!" पद्मजाचा आवाज फुटला. "तुम्हाला चौदा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक वळणावरचा गिअर आठवतो. आम्ही पोरी चौथी-पाचवीला असताना कोण काय खायचं ते आठवतं. आणि हे आठवत नाही? आमचा काय दोष? ताक प्यायलो एवढाच ना?"

अण्णांचा चेहरा पिळवटला. ते एकदा पद्मजाकडे आणि मग बाटलीकडे पाहत राहिले. 

"त्याला आठवतंय, पोरी," जयसिंगराव म्हणाले. "तो मला सांभाळून घेतोय."

त्यांनी पडद्यावरच्या झाडाच्या मुळाशी, त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"तुझं घड्याळ बरोबर आहे, रेहाना. सतरा वर्षं. माझं दूध कोमट होतं." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "घेणं बंद केलं की सगळं निघून जातं, असं त्या माणसानं सांगितलं होतं. मी बंद केलं. मोकळा झालो असं समजलो. आणि खरं सांगू? सुकूकडून हरलो त्या दिवशी तर मला बरंच वाटलं. वाटलं, चला, फिटलं. जिंकलो असतो तर कबुली द्यावी लागली असती. हरलेल्यानं कसली कबुली द्यायची? त्यानं कुणाचं काय घेतलंय?"

"जयसिंग, राहू दे आता," अण्णा म्हणाले.

"काय राहू दे? तू दरवर्षी माझ्या दारात येऊन हात जोडत होतास आणि मी तुला चहा विचारत होतो. तुला चालत नाही हे माहीत असून." ते उठले. कोटावरचा अध्यक्षाचा बिल्ला काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि रेहानाकडे हात पुढे केला. "एक डबी दे. मुदत आहे ना अजून?"

"आहे," रेहाना म्हणाली.

तिनं पिवळ्या झाकणाची डबी काढली. नमुन्यावर कुणाचं नाव घालायचं नसतं, म्हणून क्रमांकाची चिठ्ठी तिनं चिकटवायला घेतली.

"क्रमांक नको," जयसिंगराव म्हणाले. "नाव घाल. पूर्ण."

रेहानानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. तिनं पेन घेऊन मोठ्या, सुवाच्य अक्षरांत नाव लिहिलं.

डबी हातात घेऊन जयसिंगराव दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.  "पाणी आहे का कुठे?"

कणेकर सर उठणार, तेवढ्यात अण्णांनी स्टीलच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि ती पुढे केली. जयसिंगरावांनी ती घेतली आणि अण्णांचा नेम माहीत असल्यामुळे, वरून धार धरण्यासाठी उंच उचलली.

"असं नाही," अण्णा म्हणाले. "तोंड लावून पी."